बीच टच रूम, आत्यांचं घर आणि २० हजार रुपये

इचलकरंजीच्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून देत नाही. पत्र थोडक्यात असं. घरात सहा माणसं: ताई, मिस्टर, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि ६७ वर्षांचे सासरे. मिस्टर यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघतात, ताई घरी ब्लाऊज शिवतात, लग्नसराईत रात्री बारा-बारापर्यंत मशीन चालू असते. भिशीचे २० हजार हातात आलेत आणि मे महिन्यात पहिल्यांदाच सगळ्यांनी मिळून मालवणला जायचं घाटतंय. मुलीची मैत्रीण तारकर्लीला स्विमिंग पूलवाल्या रिसॉर्टमध्ये राहून आली, तेव्हापासून मुलीला तसंच हवंय. मिस्टरांनी फोन केले तर बीच टच रूम रात्रीला ४,५०० रुपये, दोन रूम तीन रात्री म्हणजे २७ हजार, गाडीचे १२ हजार, जेवणखाण धरून सगळं ४५ हजारांच्या घरात. कमी पडणारे २५ हजार ताईंच्या बचत गटातून महिना शेकडा दोनने उचलू असं मिस्टर म्हणतात. सासऱ्यांची बहीण मालवणपासून १२ किलोमीटर आत एका गावात राहते, ती म्हणते, "घर तुमचाच आसा, पैशे कित्याक घालवतास?" सासऱ्यांना तिथेच उतरायचंय. सासूबाईंचे गुडघे गेलेत, कमोड लागतो. ताई लिहितात, "स्वस्तातली खोली म्हणजे घाण बाथरूम आणि ढेकूण, तसं राहण्यापेक्षा जाऊच नये असं वाटतं. कर्ज काढू, आत्यांकडे राहू की बेतच रद्द करू? मला काय, मी कुठेही ॲडजस्ट करेन."

ताई, तुमच्या त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. मुलीला पूल हवाय, मिस्टरांना मुलांसाठी काहीतरी चांगलं करायचंय, सासऱ्यांना बहीण भेटायला हवी, सासूबाईंना कमोड हवा, हे सगळं तुम्ही कुणालाही नावं न ठेवता नीट लिहिलंय, पण तुम्हाला स्वतःला काय हवंय ते अख्ख्या पत्रात कुठेच नाही. वर्षभर मशीनवर बसून वर सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करणारी बाई जेव्हा "मी कुठेही ॲडजस्ट करेन" म्हणते तेव्हा मला खरंच काळजी वाटते, कारण अशा माणसाच्या वाट्याला मग फिरायला जाऊनसुद्धा कांदा चिरणं आणि वाळूने भरलेले कपडे पिळणं येतं. म्हणून एक गोष्ट मी आधीच धरून चाललेय, की ते दोन-तीन दिवस तुम्ही स्वयंपाक करायचा नाही. पैसे वाचवायचे म्हणून ते काम तुमच्या अंगावर येणार असेल तर खर्च कमी झाला असं मी म्हणणार नाही.

आता कर्जाचं बघू. शेकडा दोनने २५ हजार, समजा १० महिन्यांत फेडायचे, तर दर महिन्याला अडीच हजार मुद्दल, पहिल्या महिन्यात त्यावर ५०० व्याज आणि मग ते ५०-५० ने उतरत जाणार, म्हणजे सगळं मिळून व्याज २,७५० रुपये. आकडा ऐकायला फार मोठा नाही, मिस्टर हेच म्हणत असतील. पण हप्ता सुरू कधी होतो बघा, जूनमध्ये, म्हणजे वह्या, दप्तरं, युनिफॉर्म, शाळेची रिक्षा सगळं एकदम, आणि लग्नसराई संपल्यामुळे त्याच महिन्यात तुमच्या ऑर्डरी कमी. हप्ता एकदा चुकला की गटाच्या मीटिंगला मान खाली घालून तुम्हाला बसावं लागणार, मिस्टरांना नाही, कारण गटात नाव तुमचं आहे. ते कर्ज मशीनसाठी, दवाखान्यासाठी, मुलीच्या ॲडमिशनसाठी राखून ठेवा. फिरायला जाण्यासाठी काढू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

पण म्हणून बेत रद्द करा असंही मी म्हणणार नाही. भिशीचे २० हजार तुमच्या हातात आहेत आणि मालवणला सहा माणसांना त्यात चांगलं फिरता येतं, फक्त तो ४५ हजारांचा हिशेब परत उघडून बघायला पाहिजे, कारण त्यात सगळ्यांचं लक्ष रूमवर गेलंय आणि गाडीचा खर्च तसाच नजरेतून सुटलाय. बाहेरगावच्या भाड्याच्या गाड्यांना दिवसाला कमीत कमी किलोमीटर ठरलेले असतात, बहुतेक ठिकाणी ३००, ते चालवा नाहीतर उभी ठेवा पैसे लागतातच, वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग. कोल्हापूर ते मालवण म्हणजे जाताना अर्धा दिवस आणि येताना अर्धा दिवस, मधल्या सगळ्या वेळात तुम्ही समुद्रावर आणि गाडी माडाखाली उभी, आणि त्या उभ्या गाडीला तुम्ही तुमच्या २० पैकी १२ हजार देणार.

आता एसटीचं बघा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं आहे. म्हणजे तुमच्या घरात फुल तिकीट फक्त मिस्टरांचं, बाकी पाचही जणांचं अर्धं, सहा माणसांची मिळून साडेतीन तिकिटं! एक फुल तिकीट ३०० रुपये धरलं तरी जाऊन-येऊन २,१००, इचलकरंजी ते कोल्हापूर धरून अडीच हजारांत सगळे परत घरी. सासऱ्यांचं आधार कार्ड तेवढं वरच्या खिशात ठेवा. सकाळची लवकरची गाडी पकडा, डायरेक्ट मालवण मिळाली तर उत्तम, नाहीतर कणकवली किंवा कुडाळला बदलायची. घाटात मुलांना उलटी होत असेल तर पुढच्या सीटचं रिझर्वेशन करून ठेवा, मे महिन्यात रिझर्वेशन तसंही करावंच लागतं. सासूबाईंच्या गुडघ्यांना एसटीची पायरी उंच पडते हे खरं आहे, पण ते दोन चढ-उताराचं काम आहे आणि मिस्टर सोबत आहेत. मालवणात पोचल्यावर रिक्षा आहेत, देवबागला तारकर्लीवरून एसटी जाते, तिच्या वेळा स्टँडवर विचारून घ्या. दोन रिक्षा लागतील, लागू दे, दोन दिवसांचे रिक्षाचे पैसे झाले तरी १२ हजारांच्या जवळपास जात नाहीत.

आता रूम. इथे तुमच्या मनात एक पक्कं बसलंय की महाग म्हणजे स्वच्छ आणि स्वस्त म्हणजे घाण. कोकणात रूमचा रेट कशाने वाढतो ते सांगते: समुद्र किती जवळ, एसी आहे का, पूल आहे का आणि तुम्ही कुठल्या वारी येताय. बाथरूम कोण घासतं याचा त्या रेटशी फारसा संबंध नाही. बाथरूमचा संबंध आहे तो मालक तिथे राहतो का याच्याशी. "राहण्याची व जेवणाची घरगुती सोय" अशी पाटी लावलेली जी घरं आहेत ना, चिवल्याच्या किनाऱ्याजवळ, तारकर्लीत रस्त्याच्या आतल्या बाजूला, आचऱ्याकडे, तिथे बहुतेक ठिकाणी पुढे मालकाचं घर आणि बाजूला किंवा मागे तीन-चार खोल्या असतात, त्या खोल्या घरातली वहिनी स्वतः बघते, चादरी स्वतः वाळत घालते, कारण पुढचं गिऱ्हाईक याच्याच ओळखीने यायचं असतं. त्याउलट मालक पुण्या-मुंबईत आणि इथे एक केअरटेकर ठेवलेला, अशी जागा महाग असूनही गाद्या ओलसर आणि नळ गळका असू शकतो. म्हणून रेटच्या आधी विचारायचं, "तुम्ही तिथेच राहता का?"

बीच टचबद्दलही बोलायला हवं. मे महिन्यात मालवणात सकाळी साडेदहानंतर वाळूवर पाय ठेववत नाही आणि चार-साडेचारपर्यंत कुणी बाहेर पडत नाही. समुद्र काय तो पहाटे आणि संध्याकाळी. बाकी वेळ पंख्याखाली आडवं व्हायचं असतं, आणि त्यासाठी खिडकीतून समुद्र दिसायची गरज नाही, सावलीतली, माडा-फणसाच्या झाडाखालची कौलारू खोली त्या वेळी जास्त गार असते. दहा मिनिटं चालायच्या अंतरावर आत गेलात की रेट पडतो. मी साधारण अंदाज सांगते, नॉन-एसी, अटॅच्ड बाथरूमची साधी स्वच्छ खोली आडवारी १,५०० च्या आसपास मिळू शकते, शनिवार-रविवार तीच खोली बरीच वर जाते, म्हणून सोमवार ते बुधवार किंवा मंगळवार ते गुरुवार असे दिवस धरा. मिस्टरांच्या दोन रजा जास्त जातील, पण कारखान्याच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर दोन रजांच्या बदल्यात रूमचा रेट कमी करून मिळतोय.

आणि तीन रात्रींऐवजी दोन करा. हे ऐकून मुलं नाराज होतील, पण मी तुमचे २० हजार मांडून बघितलेत. एसटीचे अडीच हजार. दोन खोल्या, दोन रात्री, १,५०० ने ६ हजार. जेवणखाण, नाश्ता, चहा धरून दिवसाला ३ हजार, पोचल्यापासून निघेपर्यंत अडीच दिवस म्हणजे साडेसात हजार. झाले १६. मग रिक्षा, किल्ल्याची होडी, शहाळी, काजू-कोकम वगैरेला अडीच हजार, आणि दीड हजार न मोडता पर्समध्ये, कुणाला बरं नाही झालं तर. बरोबर २० हजार होतात. तिसरी रात्र घातली की हा हिशेब मोडतो आणि मग तिसऱ्या दिवशी प्रत्येक शहाळ्याला "नको, आधीच खूप झालं" ऐकू यायला लागतं. दोन रात्री मोकळ्या हाताने काढा.

फोन करताना काय विचारायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण निम्मी भांडणं तिथे पोचल्यावर होतात आणि ती सगळी फोनवर न विचारलेल्या गोष्टींची असतात. पहिलं, खोली तळमजल्यावर आहे का, अंगणातून आत यायला किती पायऱ्या आहेत. दुसरं कमोड. नुसतं "वेस्टर्न आहे का" विचारू नका, "दोन्ही खोल्यांत आहे का" विचारा, कारण बऱ्याच घरांत एका खोलीत कमोड आणि दुसऱ्या खोलीत खाली बसायचं असतं, तसं असेल तर सासू-सासऱ्यांना कमोडची खोली द्या, तुम्ही चौघं दुसरीत, एक गादी जमिनीवर. जास्तीच्या गादीचे वेगळे पैसे आहेत का? मुलांचे धरता का? रेटमध्ये टॅक्स धरलाय का? पाणी गोडं आहे ना, मे महिन्यात विहीर आटते का? लाईट गेली तर पंख्याला इन्व्हर्टर आहे का, हे कोकणात मे महिन्यात विचारायलाच पाहिजे, संध्याकाळी वळीव आला की लाईट जाते. खोली रिकामी कधी करायची, आणि एसटी दुपारची असेल तर बॅगा पडवीत ठेवू देतील का. एवढं विचारून झालं की व्हिडीओ कॉलवर बाथरूम दाखवा म्हणून सांगा. नीट ठेवलेली जागा असेल तर ती वहिनी कॉल चालू ठेवून थेट नळ सोडूनच दाखवते. ढेकणांची भीती असेल तर खोली ताब्यात घेतल्यावर सामान ठेवायच्या आधी गादीचा कोपरा उचलून शिवणीत बघायचं, काळे ठिपके दिसले तर तिथल्या तिथे खोली बदलून मागायची, लाजायचं नाही.

पैशांबद्दल बोलतानाही सरळ बोला. "आम्ही सहा जण, दोन रात्री, राहण्याचं बजेट ६ हजार, दोन वेळचं जेवण तुमच्याकडेच करू, जमेल का?" असं म्हणा. यात एक आतली गोष्ट आहे. घरगुती सोय चालवणाऱ्यांना खोलीपेक्षा जेवणाच्या ताटांवर भरवसा असतो, सहा माणसं दोन दिवस घरीच जेवणार म्हटल्यावर खोलीत शे-दोनशे ते आपणहून कमी करतात. फक्त कबूल करून मग बाहेर हॉटेलात जाऊन जेवू नका, त्यांनी सकाळी बाजारातून मासळी तुमच्या नावाने आणलेली असते. आणि तिथे पोचून बॅगा उतरवल्यावर घासाघीस करू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. या लोकांचा धंदा दिवाळी, नाताळ आणि मेचा, पावसाळ्यात खोल्या बंद, कौलं शाकारायची तीही याच पैशातून. फोनवर जे ठरलं ते ठरलं.

काही ठिकाणी माणशी रेट सांगतात, राहणं, नाश्ता, दोन जेवणं सगळं धरून. दोघा-तिघांना तो परवडतो, सहा जणांना आणि त्यात दोन मुलं असताना कधीकधी खोली वेगळी आणि जेवण वेगळं स्वस्त पडतं. दोन्ही आकडे विचारा आणि वहीत मांडा.

ॲडव्हान्स द्याल तेव्हा थोडाच द्या, पाव हिस्सा फार तर, आणि ज्याच्याशी बोललात त्याच्याच नावावर पैसे जातायत ना ते यूपीआयवर नाव दिसतं तिथे बघून घ्या. पर्यटन महामंडळाच्या रिसॉर्टच्या आणि देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने खोट्या वेबसाईट आणि खोटे मोबाईल नंबर फिरतायत, आधी पूर्ण पैसे भरा, लगेच क्यूआर पाठवतो, असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. तुमच्या कोल्हापूर भागातलं दर गल्लीत कुणी ना कुणी मालवणला जाऊन आलेलं असतं, त्यांच्याकडून नंबर घ्या, तो सगळ्यात चांगला.

जेवणाचं एवढंच सांगते, सुरमई-पापलेटचं ताट मागवायची सवय खिसा रिकामा करते. बांगडा घ्या, तारली घ्या, ताजा बांगडा तव्यावरचा आणि सोलकढी असली की मुलं दुसरं काही मागत नाहीत. सकाळी घावणे-चटणी. दोन मुलांना मिळून एक ताट पुरतं, तसं आधी सांगा म्हणजे वाढताना अवघडल्यासारखं होत नाही.

आता आत्याबाई. इथे मला थोडं जपून लिहायला हवं, कारण त्यांनी मनापासून बोलावलंय आणि सासऱ्यांना बहिणीकडे जायचंय यात चूक काहीच नाही, ६७ व्या वर्षी बहिणीच्या घरी जाऊन दोन दिवस ओटीवर बसावंसं वाटणारच. पण ते घर फुकट आहे असं जे सगळे धरून चाललेत तिथे मी थांबते. मे महिन्यात कोकणातल्या घरात मुंबईचे चाकरमानी येतात, आत्याबाईंची मुलं-सुना-नातवंडं आलेली असतील, त्यात तुमची सहा माणसं. विहिरीचं पाणी मेअखेरीला तळाला गेलेलं. न्हाणीघर आणि संडास बहुतेक घरामागे, सासूबाईंचं काय करणार? आणि स्वयंपाकघरात पंधरा माणसांची भाकरी चालू असताना तुम्ही बीचवर जाऊन बसाल? नाही बसणार, तुम्ही पदर खोचून आत जाल, मला माहितीये. येताना आत्याबाईंना साडी, मुलांच्या हातात पैसे, जाताना कोल्हापूरची खरेदी, हे सगळं करायलाच पाहिजे आणि तुम्ही ते आनंदाने कराल, पण मग ते फुकट कसलं? शिवाय गाव समुद्रापासून १२ किलोमीटर आत, रोज समुद्रावर जायचं तर परत रिक्षा.

माझं मत असं आहे की राहायचं स्वतःच्या पैशाने मालवणात, चिवल्याजवळ किंवा गावातच, आणि मधला एक दिवस आत्याबाईंचा. सकाळी सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडे जायचं, दुपारचं जेवण तिथे, जाताना बाजारातून मासळी आणि फळं तुम्ही घेऊन जायची, आणि संध्याकाळी येताना आत्याबाईंनाच सोबत घेऊन यायचं, चला, आज तुम्ही आमच्याबरोबर समुद्रावर, रात्री जेवून रिक्षाने पोचवू. किनाऱ्याजवळच्या गावात राहूनही कित्येक म्हाताऱ्या बायका वर्षानुवर्षं समुद्रावर गेलेल्या नसतात, त्यांना कुणी नेलेलंच नसतं. सासऱ्यांना वाटलं तर एक रात्र ते बहिणीकडे राहू शकतात, सासूबाई तुमच्यासोबत कमोडच्या खोलीत. यात कुणाचा मान जात नाही. "तुमच्याकडे गर्दी, आईंना गुडघ्यांमुळे कमोड लागतो" हे कारण खरंच आहे, ते सांगितलं की आत्याबाई समजून घेतील.

मुलीचं मला मिस्टरांपेक्षा कमी टेन्शन वाटतं. ती ११ वर्षांची आहे, तिला आकडे कळतात. तिच्याशी बसून बोला, पूलमध्ये नेमकं काय करायचंय तुला? पाण्यात खेळायचंय, की मैत्रिणीला फोटो दाखवायचाय, की हॉटेलच्या पलंगावर झोपायचंय? प्रत्येकाला वेगळं उत्तर आहे. पाण्यात खेळायचं असेल तर चिवल्याला संध्याकाळी मिस्टर सोबत असताना कडेकडेने खेळू दे, स्थानिक लोकांना विचारून, भरती-ओहोटी बघून, गुडघ्याच्या वर पाणी नको, अनोळखी समुद्रात मोठ्यांनीही नको. फोटो हवा असेल तर सिंधुदुर्ग किल्ल्याएवढा फोटो कुठल्याच रिसॉर्टमध्ये मिळत नाही, होडीतून जायचं, १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी खडकावर पाया घातलेला किल्ला, आत महाराजांचं मंदिर, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा. परत येताना धामापूरचा तलाव बघा, तिथे काहीच तिकीट-बिकीट लागत नाही आणि सासूबाईंना सावलीत बसता येईल. आणि मुलीला खर्चाची वही सांभाळायला द्या. घरात पैसे कमी आहेत हे मुलांपासून लपवायची मिस्टरांची धडपड मला कळते, पण ती वही हातात आली की २० हजारांत काय काय आलं हे तिचं तिलाच दिसेल.

हे उत्तर बाकीच्या वाचकांनाही उपयोगी पडावं म्हणून थोडं इकडचं तिकडचं. ज्यांना मासे नकोत त्यांनी देवस्थानांची भक्तनिवासं बघावीत, गणपतीपुळे, पावस, देवगडजवळ कुणकेश्वर इथे सोय आहे, खोल्या साध्या, रेट आवाक्यातले, पण मांसाहार चालत नाही, गेटची वेळ पाळावी लागते, आणि गणपतीपुळ्याला जाताना मंगळवारी चतुर्थी येत नाही ना ते कॅलेंडरवर बघा, अंगारकीला पाय ठेवायला जागा नसते. तिथला समुद्रही पोहायला धोक्याचा आहे, बुडण्याच्या घटना होतात, लांबून बघायचा. गणपतीपुळ्यापेक्षा रत्नागिरी शहरात स्टँडजवळच्या साध्या लॉजवर राहून एसटीने पुळे, पावस करणं पुष्कळ कुटुंबांना स्वस्त पडतं, आणि शहरात टिळकांचं जन्मघर, थिबा राजवाडा, भगवती किल्ला बघून होतो. मुंबईकडून येणाऱ्यांनी रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी सुरू होतं हे लक्षात ठेवा, रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे घरात म्हातारी माणसं जास्त असतील तर एसटी आणि रेल्वे दोन्हीचा हिशेब करून बघा, तुतारी आणि दिवा-सावंतवाडी गाडी कणकवली, कुडाळला थांबतात. आणि मेमध्येच जायचं असं ज्यांचं काही नाही त्यांनी मंडणगड तालुक्यातलं वेळास बघावं, फेब्रुवारी ते एप्रिल ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, २००२ पासून तिथे कासवांची अंडी जपण्याचं काम चाललंय, गावातल्याच घरांत राहायचं, खाली गादी, घरचं शाकाहारी जेवण, पहाटे उठून समुद्रावर. पिल्लं दिसतीलच याची खात्री कुणी देत नाही, मुलांना तसं आधीच सांगून न्या.

ताई, आता तुमच्या तारखांचं. मे तुमचा कमाईचा महिना आहे, म्हणून आधी ऑर्डरीची वही उघडा आणि ज्या आठवड्यात ब्लाऊज द्यायचे नाहीत तो आठवडा निवडा, मिस्टरांच्या रजा आणि मुलांच्या क्लासेसच्या आधी तो बघायचा. जमलं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच, कारण किल्ल्याच्या होड्या पावसाच्या तोंडावर, साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात. मग दोन-तीन घरांना फोन, तो मिस्टर करू देत, प्रश्न वर लिहिलेत. आणि आत्याबाईंना फोन सासऱ्यांनी करायचा, तुम्ही नाही, बहीण-भावाचं बोलणं आहे ते, त्यांनीच सांगू दे की आम्ही मालवणात उतरतोय आणि बुधवारी तुझ्याकडे जेवायला येतोय, संध्याकाळी तू आमच्याबरोबर यायचं.